चाळिशीत बी.लिब. केलं: फॉर्मपासून पदवीपर्यंतची हकीगत

पदवीचं सर्टिफिकेट आलं एकदाचं. पोस्टमन वाचनालयातच देऊन गेला, घरी कुणी नव्हतं म्हणून. त्यामुळे बारा वर्षं ज्या टेबलावर पुस्तकांची देवघेव करतेय त्याच टेबलावर पाकीट फोडलं. बी.लिब. म्हणजे ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदवी, ग्रॅज्युएशन झाल्यावर एक वर्षाची. मी फॉर्म भरायला निघाले तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं, जिल्हा ग्रंथालय संघाच्या प्रमाणपत्र वर्गाची माहिती सगळ्यांना असते पण त्यापुढचं विचारलं की लोक गप्प बसायचे, म्हणून जे जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतेय.

मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात २०१२ पासून निर्गम सहायक, म्हणजे देवघेवीच्या टेबलावर, आहे. वाचनालय 'ब' वर्गाचं, शंभरी ओलांडलेलं, साधारण १८,००० पुस्तकं, दोन कपाटं नुसती बांधीव मासिकांची. पगार अनुदानावर, आणि अनुदान वर्षात दोन हप्त्यांत येतं, त्यामुळे दर महिन्याला पगार हातात पडेल असं काही नसतं. २०२२ ला सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली तेव्हा थोडं बरं झालं, पण थोडंच. २०२३ च्या सुरुवातीला आमचे ग्रंथपाल वयोमानाने थांबले. चिटणीस काका म्हणाले, "ताई, काम सगळं तुम्हीच बघताय, पण कागदावर ग्रंथपाल म्हणून नाव लावायचं तर शिक्षण लागतं." प्रमाणपत्र वर्ग मी २०१४ लाच केला होता, पण कमिटीला पदवीच हवी होती.

घरी बोलले तर मामंजींनी विचारलं, "पुस्तकं द्यायला आणि घ्यायला डिग्री कशाला लागते गं?" रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं त्यांनी. आणि मला उत्तर देता आलं नाही, दिवसभर तेच डोक्यात राहिलं. अकरा वर्षं जे करत होते त्याला काय म्हणायचं हेच मला माहीत नव्हतं.

दूरशिक्षणाचं ठरवलं कारण नोकरी सोडणं शक्य नव्हतं. फॉर्म ११ जुलैला सुरू झाले, शेवटची तारीख ३१. मला वाटलं वीस दिवस म्हणजे भरपूर झाले. तर तसं नसतं. माझं बी.ए. २००५ चं, मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं नाव, आणि लग्नाची नोंदणी आम्ही कधी केलीच नव्हती. लग्न २००७ चं. ऑनलाइन फॉर्ममध्ये नाव जुळत नाही म्हटल्यावर पुढचं पान उघडेचना. ग्रामपंचायतीत गेले तर तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो आणि भटजींची सही मागितली. भटजी वारून सहा वर्षं झालेली. शेवटी त्याबद्दल वेगळं प्रतिज्ञापत्र करून दिलं. लग्नपत्रिका आईच्या ट्रंकेत साडीच्या घडीत सापडली, तिनं सोळा वर्षं जपून ठेवली होती, ती काढून देताना आईच रडायला लागली आणि म्हणाली की आता तरी शिकतेस, शिक. नोंदणीचा दाखला मिळायला ९ दिवस गेले. मधल्या काळात गॅप अॅफिडेविट केलं, १८ वर्षांचा गॅप का पडला याचं कारण लिहावं लागतं, मी "नोकरी व कौटुंबिक जबाबदारी" असं लिहिलं. आधीच्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र ऑनलाइन मागवलं, ते काही ३१ च्या आत आलं नाही, तेव्हा "नंतर सादर करीन" असं हमीपत्र देऊन फॉर्म स्वीकारला गेला. हे हमीपत्र चालतं हे मला अभ्यासकेंद्रावरच्या शिपाईमामांनी सांगितलं, वेबसाइटवर कुठंही दिसलं नव्हतं. म्हणून सांगते, शिकायचा विचार मनात आला की फॉर्म सुटायची वाट बघू नका, विशेषतः बायकांनी, नावाची कागदपत्रं आधी एका फायलीत लावा आणि प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स मारून ठेवा.

खर्च सांगते. वर्षाची फी, परीक्षा फी, पुस्तकं सगळं धरून माझे ११,२०० गेले. नोटरी, स्टॅम्प, झेरॉक्स, फोटो यात १,४०० च्या आसपास. प्रवासाला मात्र कमी लागले कारण मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, ती सवलत नसती तर दर रविवारी जाणं मला जमलं नसतं. फी एकदम भरायला पैसे नव्हते, भिशी उचलली.

३ सप्टेंबरला पहिला वर्ग. रविवारी सकाळी साडेसहाची गाडी, त्याआधी डबे. वर्गात ३४ जण, मला वाटलं होतं मीच सगळ्यात मोठी असेन पण एक काका ५१ वर्षांचे होते, कॉलेजच्या लायब्ररीत अटेंडंट. बाकी शाळांमधले अर्धवेळ ग्रंथपाल, नुकत्याच बी.ए. झालेल्या मुली, एकजण पोलीस भरतीतून बाहेर पडून इकडे आलेला. सरांनी प्रत्येकाला विचारलं, काय काम करता. जवळजवळ सगळ्यांनी "लायब्ररीत आहे" एवढंच सांगितलं, ग्रंथपाल आहे असं कुणी म्हणालंच नाही. मीही नाही.

पहिल्या दोन-तीन वर्गांत इतिहास. त्यातलं बरंच मला नवीन होतं. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, पुण्याचं १८४८, कोल्हापूरचं १८५०, म्हणजे आपल्याकडे वाचनालयं केवढी जुनी, पण ती चालवणारा माणूस शिकलेला असावा हा विचार फार उशिरा आला. तो पहिल्यांदा केला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी, १९१० ला अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं आणि पुढच्याच वर्षी बडोद्यात ग्रंथालयाचं शिक्षण देणारा वर्ग सुरू झाला. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या. आपल्या राज्याचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. आणि रंगनाथन, ज्यांचा फोटो प्रत्येक वाचनालयात १२ ऑगस्टला हार घालायला काढतात, ते मुळात गणिताचे शिक्षक होते, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले, इंग्लंडला जाऊन शिकून आले, आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. चौथा सिद्धान्त "वाचकाचा वेळ वाचवा". मी दरवर्षी हार घालत होते पण हे वाक्य माझ्या टेबलाबद्दल आहे असं कधी वाटलं नव्हतं.

खरी भीती वर्गीकरणाची, म्हणजे विषयावरून पुस्तकाला नंबर देण्याची. ड्युईच्या दशांश पद्धतीची एकोणिसावी आवृत्ती शिकवतात, तीन जाडजूड खंड, इंग्रजीत, केंद्रावर दोनच संच. दुपारच्या सुट्टीत त्या खंडांसाठी नंबर लागायचे. पहिल्यांदा काही म्हणजे काही कळलं नाही, घरी येऊन रात्री एकदा रडले पण. मग सरांनी एक सोपी गोष्ट करायला लावली, आपल्या ओळखीचं पुस्तक घ्या आणि त्याचा नंबर बांधा. मी मराठी कादंबरी घेतली. ८०० साहित्य, त्यात मराठी साहित्य ८९१.४६, त्याला कादंबरीचा ३ जोडला की ८९१.४६३. कवितेला १, नाटकाला २. मी ते वहीत लिहिलं आणि बघत बसले. आमच्या वाचनालयात "का. २१४३" असा नुसता आलेल्या क्रमाने नंबर असतो, एकाच लेखकाच्या कादंबऱ्या चार कपाटांत पसरलेल्या, आणि कुणी मागितलं की मी पाठ असल्यामुळे धावत जाऊन आणायचे. माझी पाठांतराची सवय म्हणजेच आमच्या वाचनालयाचा कॅटलॉग होता. मी आजारी पडले की वाचकांना पुस्तकं सापडायची नाहीत!

एक गोष्ट मात्र खटकली. इंग्रजी साहित्याला ८२० चा आख्खा टप्पा, अमेरिकनला ८१०, आणि आपली मराठी ८९१ च्या पोटात दशांश चिन्हाच्या पलीकडे. सर म्हणाले की रंगनाथनना ड्युईची पद्धत अपुरी वाटली आणि १९३३ मध्ये त्यांनी स्वतःची द्विबिंदू पद्धत प्रसिद्ध केली. त्यात मराठीचा आकडा १५५, आणि साहित्यिकाचा नंबर त्याच्या जन्मसालावरून, शतकाला एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सालाचे शेवटचे दोन आकडे. शेक्सपिअर १५६४ चा म्हणून जे६४, हरि नारायण आपटे १८६४ चे म्हणून एम६४, दोघं एकाच मापाने मोजलेले. मला हे फार आवडलं. परीक्षेला त्याचा त्रास खूप झाला, स्वल्पविराम कुठं आणि विसर्गासारखी दोन टिंबं कुठं यात मार्क जातात, पण आवडलं ते आवडलंच.

वर्गीकरण जमेना तर माझा उपाय सांगते. रोज पाच शीर्षकं, जास्त नाही. मी भाकरी करताना डोक्यात नंबर बांधायचे आणि नंतर ताडून बघायचे, तीन महिन्यांनी हात बसला. प्रश्नसंच मागच्या पाच वर्षांचे मिळवा, शीर्षकं फिरून फिरून तीच येतात.

तालिकीकरण म्हणजे कार्डं लिहिणं. पाच इंच बाय तीन इंचाचं कार्ड, त्यावर लाल उभ्या रेघा, लेखकाचं नाव पहिल्या रेघेपासून, शीर्षक दुसऱ्या रेघेपासून, टिंब कुठं, डॅश कुठं, सगळं ठरलेलं. "आता सगळं कॉम्प्युटरवर असताना हे कशाला" असं सगळेच म्हणत होते, मीही म्हणत होते. नोव्हेंबरात एका रविवारी मॅडमनी विभावरी शिरूरकरांचं पुस्तक दिलं. त्या लग्नाआधी बाळूताई खरे, नंतर मालतीबाई बेडेकर, आणि लिहिलं शिरूरकर या टोपणनावाने. मग नोंद कोणत्या नावाखाली करायची? ज्या नावाने वाचक ओळखतो त्या नावाखाली मुख्य नोंद, आणि बाकी प्रत्येक नावाचं एक छोटं कार्ड, त्यावर फक्त ते नाव, खाली "पाहा", आणि खाली "शिरूरकर, विभावरी". म्हणजे वाचक कोणत्याही नावाने शोधत आला तरी तो परत जाऊ नये. मी ते कार्ड लिहिलं आणि हात थांबला. जुलैमध्ये मी स्वतः दोन नावं घेऊन ग्रामपंचायत, नोटरी, केंद्र अशी फिरत होते, प्रत्येक जण म्हणायचा नाव जुळत नाही. आणि इथं तीन ओळींच्या कार्डावर, एका शब्दात, तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सोडवलेलं. त्या दिवसापासून कार्डं लिहायचा मला कंटाळा आला नाही.

जानेवारीत पहिल्या सत्राची परीक्षा झाली, चार पेपर, थिअरी मराठीत लिहिता येते त्यामुळे तेवढी भीती नव्हती. तीन तास सलग लिहायची सवय मात्र गेलेली असते, शेवटच्या अर्ध्या तासात बोटं वळत नव्हती. आधी महिनाभर रोज चार पानं हाताने लिहा.

दुसऱ्या सत्रात कॉम्प्युटर. कोहा नावाचं सॉफ्टवेअर शिकवलं, फुकट आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या भागातल्या वाचनालयांसाठी तयार झालेलं. मला उत्साह आला, कारण आमच्याकडे पुस्तकांची यादी २००९ मध्येच कॉम्प्युटरवर टाइप करून घेतली होती. ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन गेले. उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, एक शब्द वाचता येईना. यादी युनिकोडच्या (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी अक्षरं नीट दिसतात त्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये होती आणि तो फॉन्ट आता कुणाकडे नाही. ११,००० नोंदी. लॅबमधल्या मुलाने कन्व्हर्टर लावून बघितलं, जोडाक्षरं सगळी तुटली, "ज्ञ" आणि "श्र" तर गायबच. नंतर घरी येऊन ठरवलं की दाखल नोंदवहीवरून, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिथं नोंदतात त्या वहीवरून, परत टाइप करायचं, रोज चाळीस नोंदी. अजून चालू आहे, ६,३०० झाल्यात. तुमच्या वाचनालयाची अशी जुनी यादी असेल तर आजच उघडून बघा, फॉन्ट ज्या मशीनवर आहे ते मशीन भंगारात जायच्या आत.

प्रॅक्टिकल १५ जूनला. त्या आठवड्यात माझ्या मुलीचं अकरावीच्या अॅडमिशनचं चालू होतं, दोघींचे फॉर्म एकाच टेबलावर. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, "तुमच्याकडे वाचक का कमी झाले?" मी म्हटलं, सर, कादंबरी नेणारे कमी झाले, पण येणारे कमी नाही झाले. अभ्यासिकेत सकाळी सातला जागा मिळत नाही, स्पर्धा परीक्षेची पोरं असतात, दिवाळी अंकांची योजना अजून भरते, म्हातारी माणसं पेपर वाचायला येतात आणि पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर कसा काढायचा हेही मलाच विचारतात. सर म्हणाले, हे कामात धरता का तुम्ही? मी म्हटलं, आधी नव्हते धरत.

निकाल ६ सप्टेंबर २०२४ ला लागला आणि एका पेपरला मी गैरहजर! त्या पेपरला मी पूर्ण तीन तास बसले होते. हातपाय गार पडले. केंद्रावर गेले, अर्ज दिला, हॉल तिकिटावर त्या दिवसाची पर्यवेक्षकांची सही होती म्हणून वाचले, नाहीतर सिद्ध कसं केलं असतं. ४७ दिवस लागले दुरुस्त व्हायला. दर सोमवारी फोन करायचे, कुणावर चिडले नाही पण झोप उडाली होती. शेवटी ६४ टक्के. हॉल तिकीट निकाल लागेपर्यंत नाही, पदवी हातात येईपर्यंत जपा, आणि दर पेपरला सही आहे ना ते बघूनच उठा.

त्याच वाट बघण्याच्या दिवसांत एक मुलगा आला, बी.ए. तिसऱ्या वर्षाचा, स्वातंत्र्यलढ्यातल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारवर प्रकल्प होता. मोबाइलवर आठ पुस्तकांची यादी, चॅटजीपीटीने दिलेली. म्हणाला, मॅडम एवढी द्या, दोन वाचनालयांत विचारलं, नाही म्हणाले. पूर्वीची मी असते तर मीही रजिस्टर बघून नाही म्हटलं असतं आणि संपलं असतं. मी त्याला बसवलं. एकेक शीर्षक मोठ्या विद्यापीठांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये शोधलं. लेखक बहुतेक खरे, पण त्यातली बरीच पुस्तकं त्यांनी लिहिलेलीच नव्हती. आठपैकी तीनच सापडली. पोराचा चेहरा पडला. मग मी वर्गात शिकवतात तसं विचारलं, तुला नक्की काय लिहायचंय? हळूहळू निघालं की त्याचे पणजोबा १९४३ नंतर भूमिगतांना भाकरी पोचवायचे असं घरी सांगतात, त्याला त्याच्या गावाबद्दल लिहायचं होतं, पण प्रकल्पाला "पुस्तकं" लागतात म्हणून तो यादी घेऊन फिरत होता. मी जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, काढून दिलं, आणि बांधीव मासिकांच्या कपाटामागं स्वातंत्र्यसैनिकांच्या सत्काराच्या तीन स्मरणिका होत्या, ज्यांना आमच्याकडे दाखल क्रमांकसुद्धा दिलेला नव्हता, त्या झटकून दिल्या. दुसऱ्या स्मरणिकेत ३१ व्या पानावर त्याच्या गावातल्या माणसांची यादी होती. तो बोट ठेवून खाली खाली वाचत गेला आणि एका ओळीवर थांबला. काही बोलला नाही, फोटो काढला आणि घरी फोन लावायला बाहेर गेला.

मामंजी त्या दिवशी पेपर वाचायला तिथंच बसले होते. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "त्या पोराला किती वेळ दिलास गं तू." त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाही दिलं नाही, द्यायची गरज वाटली नाही.

नोव्हेंबरात कमिटीपुढे गुणपत्रक ठेवलं. जानेवारी २०२५ च्या सभेत ठराव झाला, पत्रावर "ग्रंथपाल" लिहिलंय, पगारात १,५०० ची वाढ, तीही पुढच्या हप्त्यापासून. एवढ्यात भागत नाही, आणि पदवी घेतलेल्या माणसाला एवढ्यात राबवणं बरोबर नाही असं मला मनापासून वाटतं, हे मी सभेतही बोलले. आमच्या वर्गातल्या चार मुली शिकून दुसऱ्याच नोकरीला लागल्या, त्यांना मी नावं ठेवणार नाही.

त्या तिन्ही स्मरणिकांना दाखल क्रमांक दिला. लायब्ररीतला जुना लाकडी कार्ड कॅटलॉग माळ्यावर होता, तो खाली काढून पुसून घेतला, त्यातला एक खण स्थानिक माहितीसाठी ठेवलाय. गावातल्या माणसांची नावं त्यात घालतेय, माहेरच्या नावाने, सासरच्या नावाने, भूमिगत असताना घेतलेल्या नावाने, आणि प्रत्येक कार्डावर खाली "पाहा". आतापर्यंत ८३ कार्डं झाली. एम.लिब.चे फॉर्म जुलैत सुटतील, फाइल तयार आहे.